बाळंतपणाची तालीम: डूलाची सोबत आणि गर्भारपणातील योगासने यांची आखणी कशी करावी

लेबर रूमच्या दारापर्यंत घरातली चार माणसे येतात. दार बंद झाले की आत कळा सोसणारी बाई बहुधा एकटीच उरते. परिचारिका असते, पण तिच्याकडे आणखी तीन खाटा असतात. डॉक्टर येऊन तपासून जातात. दोन तपासण्यांच्या मधल्या तासांत कसे बसावे, श्वास कसा सोडावा, पाणी प्यावे की नाही, हे सांगायला जवळ कोणी नसते. बाळंतपणे घरी होत होती तेव्हा हे काम सुईण, आत्या, मावशी, शेजारची एखादी अनुभवी काकू करीत असे. प्रसूती रुग्णालयात होऊ लागल्याने आया आणि बाळे वाचली, यात शंका नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार महाराष्ट्रातील सुमारे ९५ टक्के प्रसूती रुग्णालयांत होतात. मात्र या बदलात सोबतीची जागा रिकामी राहिली. डूला ही त्या जागेवर येणारी प्रशिक्षित स्त्री आहे, आणि गर्भारपणातील योगाभ्यास ही तिच्या सोबतीने पुढे जे करायचे आहे त्याची कित्येक महिने आधी सुरू झालेली तालीम आहे. बहुतेक जोडपी या दोन गोष्टींचे पैसे दोन वेगळ्या ठिकाणी भरतात आणि त्यांची सांगड घालत नाहीत. ती कशी घालावी, हे येथे क्रमाने सांगितले आहे.

डूला काय करते आणि काय करीत नाही

‘डूला’ हा मूळचा ग्रीक शब्द असून त्याचा अर्थ सेवा करणारी स्त्री असा आहे. १९७०च्या दशकात अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ डेना राफेल यांनी बाळंतिणीला आधार देणाऱ्या स्त्रीसाठी तो वापरला. पुढे मार्शल क्लाउस आणि जॉन केनेल या डॉक्टरांनी ग्वाटेमालात केलेल्या अभ्यासांत असे आढळले की, पूर्वओळख नसलेली एखादी बाई कळांच्या काळात सतत शेजारी बसली तरी प्रसूतीवर त्याचा चांगला परिणाम होतो. वैद्यकीय संशोधनाचे एकत्रित आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आढाव्यात २६ चाचण्यांमधील १५,००० हून अधिक स्त्रियांची माहिती एकत्र तपासली गेली. सतत सोबत मिळालेल्या स्त्रियांमध्ये सिझेरियनचे प्रमाण सुमारे एक चतुर्थांशाने कमी होते, कळांचा काळ सरासरीने ४० मिनिटांनी कमी होता, आणि प्रसूतीच्या अनुभवाविषयी कटुता बाळगणाऱ्या स्त्रियाही कमी होत्या. हे आकडे सरासरीचे आहेत, हे विसरू नये. डूला ठेवली म्हणजे सिझेरियन टळेल अशी हमी कोणीही देऊ शकत नाही, आणि जी देते तिच्याकडे जाऊ नये.

डूला कंबर दाबून देते, बसण्याची आणि उभे राहण्याची पद्धत सुचवते, श्वासाची लय धरून ठेवायला मदत करते, डॉक्टरांनी सांगितलेले सोप्या शब्दांत पुन्हा सांगते, आणि घाबरलेल्या नवऱ्याला काहीतरी उपयोगाचे काम देते. ती रक्तदाब मोजत नाही, आतून तपासणी करीत नाही, बाळाचे ठोके ऐकत नाही, औषध सुचवत नाही आणि बाळंतपण करीत नाही. ते काम डॉक्टर, परिचारिका आणि प्रसूतीशास्त्रात खास प्रशिक्षण घेतलेल्या मिडवाइफचे आहे. केंद्र सरकारने २०१८ मध्ये मिडवाइफरी सेवेची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. त्यांतील ‘नर्स प्रॅक्टिशनर इन मिडवाइफरी’ ही वैद्यकीय व्यक्ती असते, डूला नसते. शहरांत हे दोन्ही शब्द हल्ली सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात, म्हणून समोरची व्यक्ती नेमकी कोण आहे हे पहिल्याच भेटीत स्पष्ट विचारावे.

सर्वांत आधी रुग्णालयाला विचारायचे प्रश्न

पुष्कळ जोडपी आधी डूला ठरवतात, पैसे भरतात आणि नवव्या महिन्यात त्यांना कळते की रुग्णालय तिला आत येऊच देणार नाही. क्रम उलटा हवा. चौथ्या किंवा पाचव्या महिन्याच्या तपासणीलाच डॉक्टरांना विचारावे: लेबर रूममध्ये माझ्यासोबत कोण थांबू शकेल, किती जण थांबू शकतील, आणि नवरा व डूला दोघेही चालतील की दोघांपैकी एकच? उत्तर ‘बघू, तेव्हाचं तेव्हा’ असे आले तर ते नकार समजून पुढचा विचार करावा. डॉक्टर तयार असतात पण रुग्णालयाच्या व्यवस्थापनाचा नियम आड येतो, असेही होते. त्यामुळे परवानगी फाइलवर लिहून घ्यावी. रात्री दोन वाजता ड्यूटीवर जी परिचारिका असेल तिने तुमच्या डॉक्टरांचे तोंडी आश्वासन ऐकलेले नसते.

सोबतीचा आग्रह धरणे म्हणजे काही जगावेगळी मागणी करणे नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये प्रसूतीकाळातील काळजीविषयी ज्या शिफारशी केल्या, त्यांत प्रत्येक स्त्रीला तिच्या पसंतीची सोबत मिळावी असे स्पष्ट म्हटले आहे. आपल्याकडे केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०१६ मध्येच सरकारी रुग्णालयांत बाळंतिणीसोबत एक स्त्री थांबू देण्याचे धोरण स्वीकारले. ती स्त्री स्वतः प्रसूतीच्या अनुभवातून गेलेली असावी, तिला संसर्गजन्य आजार नसावा, तिने पूर्ण वेळ थांबावे आणि उपचारांत ढवळाढवळ करू नये, अशा अटी आहेत. खासगीपणाची व्यवस्था असेल तेथे नवऱ्यालाही परवानगी देता येते. लेबर रूममधील सेवेचा दर्जा सुधारण्यासाठी केंद्राने डिसेंबर २०१७ मध्ये सुरू केलेल्या ‘लक्ष्य’ कार्यक्रमातही सन्मानपूर्वक प्रसूतीसेवेचा भाग म्हणून सोबतीचा समावेश आहे. प्रत्यक्षात प्रत्येक ठिकाणी हे पाळले जातेच असे नाही, पण धोरणाचा उल्लेख करून नम्रपणे विचारल्यास दार उघडण्याची शक्यता वाढते.

सरकारी रुग्णालयात नाव घातले असेल, किंवा डूलाचा खर्च परवडणारा नसेल, तर येथे थांबण्याचे कारण नाही. बहीण, वहिनी, आत्या, मावशी यांपैकी शांत स्वभावाची, स्वतः बाळंतपण अनुभवलेली आणि ऐकून घेणारी एक बाई निवडा आणि पुढे सांगितलेली तालीम तिच्यासोबत करा. निवड नात्याच्या मानपानाने करू नये. ‘आमच्या वेळी तर आम्ही तोंडातून आवाज काढला नाही’ असे म्हणणाऱ्या ज्येष्ठ नातेवाईक बाईंना डोहाळजेवणाचे यजमानपद द्यावे, लेबर रूमचे देऊ नये.

योगाभ्यास सुरू करण्यापूर्वी

पहिली पायरी डॉक्टरांच्या परवानगीची. वार (प्लासेंटा) खाली असणे, गर्भाशयाचे तोंड सैल असणे किंवा त्याला टाका घातलेला असणे, रक्तस्राव होत असणे, अकाली कळांचा धोका, वाढलेला रक्तदाब, हृदयाचा किंवा फुप्फुसाचा गंभीर आजार, तीव्र पंडुरोग, जुळी किंवा तिळी गर्भधारणा, यांपैकी काही असल्यास वर्गात नाव घालू नये; डॉक्टर जेवढे सांगतील तेवढेच करावे. यांपैकी काही नसेल तर व्यायाम टाळण्याचे कारण नाही. निरोगी गर्भारपणात आठवड्याला सुमारे १५० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करावी, असे प्रसूतीतज्ज्ञांच्या संघटना सांगतात. चालणे आणि आसने मिळून हा वेळ सहज भरतो. चालताना बोलता यावे, गाता येऊ नये, इतपत श्रम पुरेसे आहेत.

पहिल्या तीन महिन्यांत मळमळ, थकवा आणि मनातली धाकधूक यांमुळे अनेक शिक्षक नवा अभ्यास सुरू करीत नाहीत; चौथा महिना लागल्यावर सुरुवात करणे बहुतेकींना सोयीचे जाते. आधीपासून योग करीत असलेल्या स्त्रीने सौम्य अभ्यास चालू ठेवण्यास सहसा हरकत नसते, मात्र शिक्षकाला गर्भारपणाची कल्पना पहिल्याच दिवशी द्यावी.

महाराष्ट्रात या बाबतीत आपण नशीबवान आहोत. सांताक्रूझची योग इन्स्टिट्यूट १९१८ पासून, लोणावळ्याचे कैवल्यधाम १९२४ पासून आणि पुण्यातील रमामणी अय्यंगार स्मृती योग संस्था १९७५ पासून कार्यरत आहे. पुण्यातील संस्थेत गीता अय्यंगार यांनी स्त्रियांच्या आणि विशेषतः गर्भवतींच्या योगाभ्यासावर आयुष्यभर काम केले. लोड, खुर्ची, पट्टा, भिंत यांचा आधार घेऊन शरीराला ताण न देता आसनात स्थिर राहण्याची अय्यंगार पद्धत गर्भारपणाला फार अनुकूल आहे, असे माझे मत आहे. घराजवळचा वर्ग निवडताना एवढे पाहावे: शिक्षिकेने गर्भवतींना शिकवण्याचे वेगळे प्रशिक्षण घेतले आहे का, पहिल्या दिवशी ती सोनोग्राफीचा अहवाल आणि डॉक्टरांची चिठ्ठी मागते का, आणि वर्गात इतक्या बायका आहेत का की तिची नजर प्रत्येकीपर्यंत पोहोचणार नाही. गोरे बाळ, हुशार बाळ, किंवा कानात कुजबुजून सांगितलेला ‘मुलगाच’, अशी आश्वासने मिळणाऱ्या वर्गातून त्याच क्षणी बाहेर पडावे.

कोणती आसने आणि कशासाठी

चौथ्या ते सहाव्या महिन्यात उभ्याने करण्याची आसने भिंतीच्या आधाराने करावीत. ताडासन आणि आधाराचे वीरभद्रासन पायांत बळ आणतात, आणि पोट पुढे येऊ लागल्याने कंबरेला पडणारा बाक सावरतात. रिलॅक्सिन या संप्रेरकामुळे सांध्यांचे बंध सैल झालेले असतात, त्यामुळे पूर्वी जमत नसलेला ताण आता सहज जमतो आणि तेथेच इजा होते. जेवढे जमते त्याच्या थोडे अलीकडे थांबावे. जांघेच्या मधल्या हाडात, म्हणजे पुढच्या सांध्यात, कळ येत असेल तर एका पायावर तोल सांभाळण्याची आणि पाय खूप फाकवण्याची आसने बंद करावीत.

मार्जारासन या काळातील सर्वांत कामाचे आसन आहे. दोन्ही हात आणि गुडघे टेकून, श्वास सोडताना पाठ वर उचलावी आणि श्वास घेताना ती केवळ सपाट होईल एवढीच खाली आणावी. पोट खाली लोंबू देऊ नये. पोटाचा भार पाठीवरून उतरतो, आणि प्रसूतीच्या दिवशी कळ कंबरेत येत असेल तेव्हा हीच स्थिती सर्वांत अधिक आराम देते. बद्धकोनासनात, ज्याला वर्गात बहुतेक जणी फुलपाखरू म्हणतात, पाठ भिंतीला आणि बैठकीखाली घडी केलेली चादर असावी. गुडघे हाताने खाली दाबू नयेत. उपविष्टकोनासन, गुडघे फाकवून लोडावर डोके टेकलेले बालासन, आणि पाठीमागे उतरता लोड लावून केलेले सुप्त बद्धकोनासन एवढी आसने पुरेशी आहेत. वीस आसनांच्या यादीपेक्षा सहा आसने रोज केलेली बरी.

मलासनाबद्दल थोडे सविस्तर सांगणे आवश्यक आहे, कारण ‘उकिडवे बसा, बाळ खाली येईल’ हा सल्ला प्रत्येक जण देतो. टाचांखाली घडी केलेले सतरंजीचे टोक आणि बैठकीखाली ठोकळा किंवा बुटका पाट घेऊन केलेले मलासन निरोगी गर्भारपणात चांगले आहे. वार खाली असल्यास ते करू नये. चौतिसाव्या आठवड्यानंतरही बाळ पायाळू असेल, मूळव्याध वाढली असेल किंवा जांघेच्या सांध्यात वेदना असतील, तर डॉक्टरांना विचारल्याखेरीज उकिडवे बसू नये.

काय करू नये हेही स्पष्ट असावे. कपालभाती, भस्त्रिका, उड्डियान बंध, नौली आणि श्वास रोखून धरण्याचा कुंभक पूर्णपणे टाळावा. पालथे झोपून करायची भुजंगासन, शलभासन, धनुरासन ही आसने, पोट दाबणारे पीळ आणि तापवलेल्या खोलीतील योग करू नये. पाचव्या महिन्यानंतर बराच वेळ उताणे पडून राहू नये, कारण वाढलेल्या गर्भाशयाचा भार पाठीमागच्या मोठ्या रक्तवाहिन्यांवर येऊन गरगरू शकते आणि बाळाकडे जाणारा रक्तपुरवठा कमी होऊ शकतो. शवासन डाव्या कुशीवर, दोन गुडघ्यांच्या मध्ये उशी घेऊन करावे. रात्रीची झोपही सातवा महिना लागल्यापासून कुशीवरच घ्यावी. आसने करताना रक्तस्राव, पाणी जाणे, छातीत दुखणे, चक्कर, जोराची डोकेदुखी, एका पोटरीत सूज आणि दुखणे, नियमित कळा, यांपैकी काहीही जाणवल्यास तेथेच थांबून डॉक्टरांना फोन करावा. बाळाची हालचाल नेहमीपेक्षा कमी वाटली तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये.

श्वासाचा अभ्यास दिसायला सोपा असतो म्हणून तोच सर्वांत आधी सुटतो. कुंभकाशिवाय अनुलोम-विलोम, भ्रामरी, आणि श्वास घेण्यापेक्षा सोडायला अधिक वेळ देणारा साधा दीर्घ श्वास, हे तीन प्रकार रोज दहा मिनिटे करावेत. प्रसूतीच्या दिवशी नाकपुड्या बंद करायला कोणाला भान नसते. उपयोगी पडतो तो लांब उच्छ्वास आणि भ्रामरीचा घुमणारा आवाज. ओठ आणि जबडा सैल ठेवून काढलेला खालच्या पट्टीतला आवाज शरीर ढिले ठेवतो, आणि वरच्या पट्टीतली किंकाळी ते आवळते. हे वाचून पटत नाही. एकदा मूठभर बर्फ एक मिनिट हातात धरून दोन्ही प्रकारे आवाज काढून पाहावा.

डूलाची निवड

पाचव्या महिन्याच्या अखेरीपासून शोध सुरू करून सातव्या महिन्यापर्यंत निर्णय घ्यावा. डूलाच्या कामाला आपल्याकडे कायद्याने आखून दिलेली नोंदणी नाही. प्रमाणपत्रे निरनिराळ्या खासगी प्रशिक्षण संस्थांची असतात. म्हणून कागदापेक्षा अनुभव आणि स्वभाव पाहावा लागतो. किमान दोघींना भेटावे, आणि भेटीला नवऱ्याने यावेच.

तुम्ही आतापर्यंत किती बाळंतपणांना प्रत्यक्ष सोबत केली, असे विचारावे. वर्ग किती घेतले हा वेगळा प्रश्न आहे. आमच्या रुग्णालयात यापूर्वी गेला आहात का, हे विचारावे. त्याच दिवशी दुसरी बाई अडली किंवा तुम्ही आजारी पडलात तर तुमच्या जागी कोण येईल, आणि तिची आमची आधी भेट होईल का, याचे नाव-गावासह उत्तर मिळायला हवे. शुल्कात गर्भारपणातील किती भेटी, प्रसूतीच्या वेळचे किती तास आणि घरी आल्यावरच्या किती भेटी येतात, सिझेरियन आधीच ठरले तर किती रक्कम परत मिळते, आणि रुग्णालयाने ऐन वेळी आत सोडले नाही तर काय, हे सगळे लेखी घ्यावे. खर्चाचे आकडे शहराप्रमाणे आणि अनुभवाप्रमाणे खूप बदलतात, आणि आरोग्य विमा ते बहुधा देत नाही, असे धरून चालावे.

शेवटी एक प्रश्न मुद्दाम विचारावा: मी एपिड्युरल, म्हणजे कळा बधिर करणारे पाठीतले इंजेक्शन, मागितले तर तुम्ही काय कराल? ‘मी तुम्हाला ते घेऊ देणार नाही’ असे उत्तर देणारी डूला स्वतःच्या मताची सोबत करते, तुमची नाही. तसेच डॉक्टरांची औषधे बंद करायला सांगणारी, कळा याव्यात म्हणून एरंडेल पाजणारी किंवा घरीच बाळंतपण करू म्हणणारी व्यक्ती कितीही गोड बोलली तरी नाकारावी.

परदेशात राहणाऱ्या मराठी जोडप्यांची अडचण थोडी वेगळी असते. तेथे मिडवाइफ आणि डूला हे शब्द रुळलेले आहेत, अमेरिकेच्या काही राज्यांत तर मेडिकेड या कमी उत्पन्न गटासाठीच्या सरकारी आरोग्य विम्यातून डूलाचा खर्च मिळतो. पण आईचा व्हिसा वेळेवर येईल की नाही याची खात्री नसते. आई येईल या भरवशावर डूलाचा शोध टाळू नये. आई आलीच तर तिला स्वयंपाकघरापुरते न ठेवता डूलाच्या एका भेटीत बसवावे.

अपेक्षांचे एक पान

सातव्या-आठव्या महिन्यात डूलासोबत बसून एक पान लिहावे. एकच पान, चार पानांची फाइल कोणी वाचत नाही. त्यात मागण्या नसाव्यात, पसंती असावी. धोका नसताना कळांच्या काळात चालू-फिरू द्यावे आणि पाणी व हलके खाणे घेऊ द्यावे. एनिमा आणि केस काढणे सरसकट करू नये. टाके पडण्याइतका छेद गरज असेल तरच द्यावा. बाळ रडत असल्यास नाळ कापण्यापूर्वी किमान एक मिनिट थांबावे. बाळाला पहिला तासभर आईच्या उघड्या छातीवर ठेवावे. या सगळ्या गोष्टी जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशींमध्ये बसतात, त्यामुळे डॉक्टरांशी बोलताना संकोच वाटण्याचे कारण नाही. तपासणीला जाताना हे पान घेऊन जावे, डॉक्टर ज्या गोष्टीला नाही म्हणतील तिचे कारण विचारावे आणि पानावर तसा बदल करावा. सिझेरियन करावे लागले तर काय हवे, हेही त्याच पानाच्या खालच्या भागात असावे. तो भाग लिहायला मन धजत नाही, पण देशातील खासगी रुग्णालयांत जवळपास निम्मी बाळंतपणे सिझेरियनने होत असताना तो कोरा ठेवण्यात शहाणपण नाही.

आठव्या महिन्यापासूनची तालीम

येथे योग आणि डूला एकत्र येतात. आठवड्यातून तीन संध्याकाळी अर्धा तास काढावा. नवऱ्याने मोबाइलवर एक मिनिटाची वेळ लावावी. ती एक कळ समजावी. त्या मिनिटात गर्भवतीने मार्जारासनाच्या स्थितीत, किंवा लोडावर, किंवा मोठ्या व्यायामाच्या चेंडूवर छाती टेकवून केवळ उच्छ्वास लांबवावा. नवऱ्याने तळहाताचा खालचा भाग कंबरेखालच्या सपाट हाडावर ठेवून स्थिर दाब द्यावा. दाब चोळण्याचा नसतो, टेकून धरण्याचा असतो, आणि किती हवा हे तिने सांगायचे असते. मग दोन्ही तळहात नितंबांच्या बाजूंवर ठेवून आत आणि किंचित वर दाबून पाहावे. नंतर तीन-चार मिनिटे विश्रांती, एक घोट पाणी, आणि पुढची ‘कळ’ नव्या स्थितीत: भिंतीला हात टेकून उभ्याने, नवऱ्याच्या गळ्यात हात टाकून झुलत, खुर्चीवर उलटे बसून खुर्चीच्या पाठीवर डोके टेकून, डाव्या कुशीवर पडून.

डूलाने यांपैकी निदान एका सत्राला हजर राहावे आणि चुका दुरुस्त कराव्यात. कोणती स्थिती आवडली, कोणता स्पर्श नकोसा झाला, हे तिने लिहून ठेवायचे, कारण त्या दिवशी ते कोणालाच आठवत नाही. योगशिक्षिका वर्गात जे शब्द वापरते तेच डूलाने वापरावेत, म्हणून दोघींचे एकदा फोनवर बोलणे करून द्यावे. ‘खांदे सोड, जबडा सोड’ हे रोज ऐकलेले शब्द कळेच्या भरात कानाला लगेच ओळखीचे वाटतात. पहिले बाळंतपण माहेरी करायचे ठरले असेल आणि माहेर दुसऱ्या गावी असेल, तर डूला त्याच गावची असावी आणि ही तालीम व्हिडिओ कॉलवर नवऱ्यालाही पाहता यावी.

कळा सुरू झाल्यावर

पहिलटकरणीच्या सुरुवातीच्या कळा अनेक तास चालतात. गर्भाशयाचे तोंड पाच सेंटिमीटर उघडल्यानंतरच खरा सक्रिय टप्पा सुरू होतो, असे जागतिक आरोग्य संघटना मानते, आणि तेथून पुढेही पहिल्या खेपेला बारा तासांपर्यंतचा वेळ सामान्य असू शकतो. त्यामुळे पहिली कळ आल्याबरोबर नवऱ्याने गाडी काढू नये. डूलाला फोन करून कळवावे, आंघोळ करावी, वरणभात किंवा पेज खावी आणि जमेल तेवढे झोपावे. पहिल्या बाळंतपणात कळा पाच मिनिटांनी, प्रत्येकी सुमारे एक मिनिट, अशा तासभर येऊ लागल्या की निघावे, असा ठोकताळा अनेक डॉक्टर सांगतात. रुग्णालय लांब असेल, आधीचे सिझेरियन असेल किंवा दुसरे बाळंतपण असेल तर डॉक्टरांनी सांगितलेला स्वतःचा नियम पाळावा. पाणी गेले, रक्त गेले, बाळाची हालचाल मंदावली, ताप आला, डोळ्यांपुढे अंधारी आली किंवा सदतीस आठवडे भरण्याआधी कळा आल्या, तर मिनिटे मोजत न बसता लगेच निघावे.

रुग्णालयात पोहोचल्यावर डूलाचे काम सुरू होते ते परिचारिकेला नमस्कार करण्यापासून. सोबत कशासाठी आहे हे दोन वाक्यांत सांगून अपेक्षांचे पान फाइलला लावावे. दर अर्ध्या तासाने स्थिती बदलावी, दर तासाने लघवीला जावे, दोन कळांच्या मध्ये पाणी प्यावे. सलाइन किंवा बाळाच्या ठोक्यांचा पट्टा लावला असेल तरी खाटेशेजारी उभे राहता येते का, हे विचारावे. ‘आता माझ्याने होत नाही’ हे वाक्य बहुधा गर्भाशयाचे तोंड पूर्ण उघडत आलेले असताना येते. तेव्हा उपदेश करू नये. डूलाने तिच्या डोळ्यांत पाहून तिच्याबरोबर श्वास सोडावा आणि नवऱ्याने हात धरून ठेवावा. डॉक्टर एखादा उपचार सुचवतील तेव्हा, तातडी नसेल तर, तीन प्रश्न विचारण्याची सवय ठेवावी: हे कशासाठी, थांबलो तर काय होईल, दुसरा उपाय आहे का? प्रश्न आईने किंवा नवऱ्याने विचारायचे असतात, डूलाने त्यांची आठवण करून द्यायची असते. तिने डॉक्टरांशी वाद घातला तर सगळ्यांचेच बिघडते.

सिझेरियन ठरले तर तालीम वाया जात नाही. शस्त्रक्रियेच्या टेबलावर कमरेखाली बधिर होऊन पडलेल्या बाईला भीतीने आणि थंडीनेही थरथर सुटते, आणि तेव्हा तोच लांब उच्छ्वास उपयोगी पडतो. ऑपरेशन थिएटरमध्ये डूलाला क्वचितच प्रवेश मिळतो. तिने बाहेर आलेल्या बाळाजवळच्या नवऱ्यासोबत थांबावे आणि आई खोलीत येताच बाळ छातीशी लावायला मदत करावी. नवरा आत जाऊ शकतो का, हेही चौथ्या-पाचव्या महिन्यातच इतर प्रश्नांसोबत विचारून ठेवावे.

घरी आल्यावर

पहिल्या दोन आठवड्यांत डूलाच्या निदान दोन भेटी ठरवून घ्याव्यात. एक भेट दूध पाजण्याची पकड पाहण्यासाठी. दुसरी, बाळंतपणाचा वृत्तांत एकत्र आठवण्यासाठी. काय झाले, कोणत्या क्रमाने झाले आणि का झाले, हे आईला तुटक आठवते आणि त्या तुटकपणाचाच पुढे सल होतो. सलग दोन आठवड्यांहून अधिक रडू येत राहिले, झोप उडाली किंवा बाळाविषयी काहीच वाटेनासे झाले, तर ‘बाळंतपणात असं होतंच’ म्हणून सोडून न देता डॉक्टरांकडे जावे.

अळिवाचे आणि डिंकाचे लाडू, मालिशवाल्या बाई, सुती पट्टा, यांना बंदी घालण्याचे कारण नाही. मात्र सिझेरियनच्या टाक्यांवर मालिश नको, आणि बंद खोलीत शेगडीचा शेक व धुरी अजिबात नको, कारण कोळशाचा धूर आई आणि बाळ दोघांनाही घातक आहे. गरम पाण्याच्या पिशवीने तेच काम होते.

योगाभ्यास पुन्हा सुरू होतो तो आसनांनी नाही. पहिल्या काही दिवसांत खाटेवरच दीर्घ श्वास आणि श्रोणीतलाच्या, म्हणजे ओटीपोटाच्या तळाच्या, स्नायूंचे हलके आकुंचन-प्रसरण करावे, मग घरातल्या घरात चालावे. सहाव्या आठवड्याच्या तपासणीला जाताना डॉक्टरांना पोटाच्या स्नायूंमधील फट तपासायला सांगावे. ती दोन बोटांहून रुंद असेल किंवा खोकताना लघवी सुटत असेल तर नौकासन आणि पोटाचे इतर व्यायाम सुरू न करता आधी फिजिओथेरपिस्टला दाखवावे. तेथून हिरवा कंदील मिळाला की वर्गात परत जाताना बाळाला सोबत नेले तरी चालेल. शवासनाच्या वेळी ते नेमके रडते, आणि वर्गातल्या बाकीच्या बायका तोपर्यंत त्याला घ्यायला टपलेल्याच असतात.